खिजाबाची साक्ष

ज्यांनी वकीलसाहेबांना त्यांच्या अखेरच्या दिवसांत पाहिले, त्यांना ते पांढऱ्याशुभ्र केसांचे, कपाळी गंध लावलेले, देवळाच्या ओट्यावर शांत बसलेले वृद्ध गृहस्थ म्हणूनच आठवतात. परगावचे लोक त्या केसांकडे पाहून वाकून नमस्कार करीत. मीही करीत असे. परंतु त्या केसांना पांढरे होण्याची परवानगी कशी मिळाली हे मला ठाऊक असल्यामुळे माझा नमस्कार थोडा उशिरा होत असे.

मी त्यांच्या घरी राहावयास गेलो तेव्हा आमच्या मुलखात निजामाचा अंमल होता. पैठणास गुरुगृही काही वर्षे अध्ययन करून मी नुकताच परतलो होतो. हुमनाबादेहून त्याच मुलखातल्या कल्याणाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचे तालुक्याचे गाव. गावात मुन्सिफाची अदालत आणि त्या अदालतीत वकीलसाहेब. त्यांच्या मातोश्रींना दुपारी पुराण वाचून दाखवावे, घरातील धर्मकृत्ये पाहावीत, आणि त्याबद्दल दोन वेळचे जेवण व गोठ्याशेजारची खोली घ्यावी, असे ठरले. ते अन्न मी सहा वर्षे खाल्ले आहे. म्हणून या लिखाणात वकीलसाहेबांचे जितके निघेल तितके माझेही निघावे, एवढी काळजी मी घेणार आहे.

वकीलसाहेबांचे वय तेव्हा पन्नाशीच्या पलीकडे गेले होते. देह उंच, नाक धारदार, अंगात काळी शेरवानी, आणि मस्तकावर व ओठांवर जो केशसंभार होता तो असा काळा, की निसर्गाने तसा काळा रंग मनुष्याच्या केसांसाठी कधी काढलेलाच नाही. त्याला चकाकी नव्हती. तव्याच्या मागच्या बाजूसारखा तो सर्व प्रकाश गिळून बसे. उन्हात ते अदालतीच्या पायऱ्या चढू लागले म्हणजे आधी केस दिसत, मग वकीलसाहेब.

अदालतीत त्यांचा दरारा होता. साक्षीदार पिंजऱ्यात येऊन उभा राहिला, की ते चष्मा कपाळावर सरकवून गरजत, "व्हय का न्हाई? दोनातला एक शब्द बोल. तिसरा शब्द काढू नकोस." साक्षीदाराची बोली त्यांनी अशी त्याच्याच तोंडावर फेकली म्हणजे तो गांगरून जाई. घरी मात्र ते पुण्याकडच्या पुस्तकी मराठीत बोलत आणि कुणी साधी गोष्ट विचारली तरी तिचे उत्तर एका शब्दात देणे त्यांना कमीपणाचे वाटे. "जेवणार का?" या पृच्छेला त्यांनी एकदा तीन मुद्द्यांत उत्तर दिलेले मी ऐकले आहे. तोवर भात निवला.

विषाची त्यांना विलक्षण भीती होती. कल्हई विटलेल्या पितळेच्या भांड्यात कढी केली म्हणून त्यांनी एकदा सगळी कढी परसात ओतायला लावली. चिनी मातीच्या पेल्यांवरची निळी फुले पाहून म्हणाले, "ह्या निळ्यात काय घातलं असेल, सांगता येतं का कुणाला?" आणि पेले पाहुण्यांसाठी ठेवून दिले. आगपेटीतली गुलाची काडी ते स्वतः कधी ओढत नसत. दुसऱ्याने ओढावी, तिचा धूर विरावा, मग त्यांनी दिव्याजवळ यावे. असा हा सावध मनुष्य दर महिन्याला डोक्याला डांबराचा एक प्रकार चोळून घेत असे, आणि त्याचे कारण विचारले असता डोळे मिटून म्हणे, "मातोश्रींसाठी."

आईच्या डोळ्यांसमोर मुलाचे केस पिकू नयेत, मुलगा म्हातारा झालेला तिला दिसू नये, अशी ही मातृभक्ती होती. तिच्यात दोन उणिवा होत्या. पहिली अशी, की मातोश्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरून बरीच वर्षे लोटली होती. उजेड आणि अंधार यांपलीकडे त्यांना रंग उरला नव्हता. दुसरी सांगताना आज माझी लेखणी अडखळते. आमच्या तेव्हाच्या रूढीप्रमाणे मातोश्री विसाव्या वर्षापासून केशवपन केलेल्या होत्या. ज्या माउलीसाठी हा काळाभोर संभार राखला जात होता, तिच्या स्वतःच्या मस्तकावर पन्नास वर्षांत बोटभर केस वाढू दिला गेला नव्हता.

त्यांना वास मात्र येई. खिजाब, म्हणजे तो केसांचा कलप, लावून वकीलसाहेब पाया पडावयास आले, की त्या नाकाला पदर लावीत.

"पुन्हा फासलास का रे ते?"

"आई, तुमच्यासाठीच तर—"

"मला कुठं दिसायलंय? माझ्यासाठी करायलास तर वास चांगला असलेलं तरी आण."

तो खिजाब हैदराबादेच्या एका अत्तरवाल्याकडून टपालाने येई. पूर्वी ते मेंदी आणि निळीचा पाला वापरीत. त्याला दोन प्रहर लागत आणि केस वांग्याच्या रंगावर जात. मग ही पूड निघाली. पत्र्याचा लहानसा डबा, वर एका मिशाळ तरुणाचे चित्र, आत काळसर खडीदार भुकटी. कोमट पाण्यात कालवली, की घटकेत काम होई. डब्यावर काय काय छापले होते, परंतु आत काय आहे ते कोठेही छापलेले नव्हते. पहिला डबा आला तेव्हा वकीलसाहेबांनी तो चौरंगावर ठेवून त्याची उलटतपासणी घेतली. चारही बाजूंनी भिंग फिरवले, झाकणाचा वास घेतला आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, हा आरोपी नाव सांगतो, गाव सांगतो, बापाचं नाव सांगत नाही."

बापाचे नाव सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी सांगितले. वृद्ध, मितभाषी गृहस्थ. रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवरून फिरावयास जात. त्यांनी चिमूटभर पूड तळहातावर घेतली, हुंगली आणि झटकून टाकली.

"वकीलसाब, ये डांबर की औलाद है. किसी को रास आती, किसी को नईं. आज आई, कल नईं आई, ऐसा भी होता. लगानाच है तो पहले अपने बाजू पर जरासा लगाओ, आठ पहर राह देखो. खुजली हुई, फोडा आया, तो डब्बा फेंक दो."

सल्ला स्पष्ट होता. अपने बाजू पर, असे त्यांनी स्वतःच्या दंडावर बोट ठेवून दाखवले होते. परंतु वकिलाच्या हाती सल्ला देणे आणि मांजरापुढे लोण्याचा गोळा ठेवणे यांत मला आजही फारसा भेद दिसत नाही. डॉक्टर निघून गेल्यावर वकीलसाहेब बराच वेळ विचार करीत बसले आणि मग त्यांनी निवाडा दिला.

"माझं कातडं ह्या प्रकरणात पक्षकार आहे. खिजाब लागावा अशी त्याची इच्छा. ते खरं कसं बोलेल? साक्षीदार तिऱ्हाईत पाहिजे, ज्याला ह्यात घेणं ना देणं."

तिऱ्हाईत परसात विहिरीपाशी वस्तरा पाजळीत बसला होता. मल्लप्पा हे त्याचे नाव. घराचा पिढीजात न्हावी. बाप कानडी, आई मराठी, आणि तोंड दोन्ही भाषांत सारखेच तिखट. वकीलसाहेबांची दाढी, मातोश्रींचे वपन, घरातील बारशी आणि मर्तिके, सगळी त्याच्या हाताखालून जात. त्याला हाक मारण्यात आली आणि कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढा ठिपका लावण्यात आला.

"हे काय साहेब?"

"साक्ष."

"कुणाची?"

"तुझी. आठ प्रहर पाणी लावायचं नाही."

"आन् मी काय बगितलंय म्हणून साक्ष देऊ?" मल्लप्पा म्हणाला, परंतु ठिपका लागला होता.

त्या रात्री जेवताना वकीलसाहेबांनी मला विचारले, "शास्त्रीबुवा, एकाच्या वतीने दुसऱ्यानं काही करावं, ह्याला तुमच्या शास्त्रात आधार आहे ना?"

आधार आहे. आमच्या मीमांसेत प्रतिनिधीचा विचार फार बारकाईने केलेला आहे. यज्ञाला साळीचे तांदूळ मिळाले नाहीत तर रानातला देवभात चालतो. एका वनस्पतीच्या जागी दुसरी चालते. द्रव्याला प्रतिनिधी आहे. त्याच विचाराचा दुसरा अर्धा भाग असा, की यजमानाला प्रतिनिधी नाही. ज्याला फळ भोगावयाचे त्यानेच व्रत धरावे, त्यानेच कष्ट सोसावेत. त्याच्या जागी भाड्याचा मनुष्य बसवला तर ते कर्मच नव्हे. हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच मुखोद्गत होता. मी म्हणालो, "आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो." आणि थांबलो, कारण त्याच क्षणी माझ्या वरणावर तूप पडत होते.

दुसऱ्या दिवशी मल्लप्पाचा हात स्वच्छ निघाला. वकीलसाहेबांनी भिंगातून पाहिले, समाधानाने मान हलवली, आणि खिजाबाला आमच्या घरात शास्त्राची मान्यता मिळाली.

त्यानंतर दर महिन्याला तो विधी होई. मुहूर्त मी काढून देत असे. वकीलसाहेब परसात पाटावर बसत. कपाळाच्या कडेने तुपाची रेघ ओढलेली असे. कानांत कापूस, मानेभोवती जुने धोतर, मिटलेल्या डोळ्यांवर विड्याची दोन पाने आणि दातांत लवंग. वाफ पोटात जाऊ नये म्हणून तोंड उघडावयाचे नाही. काही सांगावयाचे झाले तर बोटांच्या खुणा. मल्लप्पा त्यांच्यामागे उभा राहून दोन्ही हातांनी तो काळा चिखल त्यांच्या केसांत मुरवी. कुंचला घेऊ देत नसत, कारण कुंचला खिजाब पितो. डोक्याच्या मालकाला अशी चहूबाजूंनी तटबंदी, आणि ज्याची दहा बोटे त्या चिखलात मनगटापर्यंत बुडालेली, त्याला एक चिंधी नाही. मी तुळशीपाशी बसून स्तोत्र म्हणत असे. आजही ते स्तोत्र म्हणताना मला त्या पुडीचा वास येतो, आणि हा दोष स्तोत्राचा नव्हे.

"साहेबांचं डोस्कं काळं, माजे हात काळे," मल्लप्पा मला म्हणे. "एका डब्यातलं दोघं आमी. पण लोक त्येंला रामराम घालतेत आन् मला म्हणतेत, हात धुऊन ये."

पहिली तीन वर्षे काही झाले नाही. नवा डबा आला, की नवा ठिपका, ठिपका स्वच्छ निघाला, की वकीलसाहेब म्हणत, "साक्षीदार कायम." चौथ्या वर्षी ठिपक्याच्या जागी तांबूस कड दिसली. वकीलसाहेबांनी भिंग पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "घामोळं." ते पौषाचे दिवस होते.

बदल प्रथम ध्यानात आला तो मातोश्रींच्या. त्या पाटावर बसल्या होत्या, मल्लप्पा वस्तरा चालवत होता, मी पोथी सोडत होतो. त्यांनी हात वर करून त्याचे बोट धरले.

"मल्लप्पा, तुझी बोटं अशी खरखरीत कामून लागायलीत रे?"

"काय न्हाई अव्वा. थंडी हाय."

"थंडीनं असं होत न्हाई. हे चिरलंय. हे बी चिरलंय." त्या एकेक बोट चाचपत गेल्या. वस्तरा हवेत तसाच राहिला. मग त्यांनी मुलाला हाक मारली. "अरे, ह्याचा हात बघ रे जरा."

"बघतो आई," वकीलसाहेब ओसरीवरून म्हणाले. "दर महिन्याला बघतो. भिंगातून बघतो."

न्हाव्याचे हात म्हणजे त्याचे सर्वस्व. आमच्याकडे प्रत्येक न्हाव्याची घरे वाटून घेतलेली असत आणि सुगीला त्या घरांच्या खळ्यावरून त्याची जोंधळ्याची पाटी येई. मल्लप्पाची तीस-एक घरे होती. पुढच्या दोन वर्षांत हात बिघडत गेले तसे घराघरांत कुजबूज सुरू झाली. दाढी करताना गालाला रक्त लागे. ज्याची दाढी त्याचे रक्त की मल्लप्पाच्या बोटाचे, ते कळत नसे. एका घरी जावळ होते. मामाच्या मांडीवर लेकरू बसले, ओवाळणे झाले, मल्लप्पाने कात्री धरून त्याच्या कानामागे हात नेला, आणि लेकराच्या आईने तो हात पाहिला. तिने मूल उचलून छातीशी धरले आणि आत निघून गेली. मंडळी बसून राहिली. मल्लप्पाने कात्री धोकटीत ठेवली, धोकटी काखेत मारली आणि जोडे हातात घेऊन तो तेथून निघाला. मी तेथे मंत्राला होतो, म्हणून हे सांगू शकतो. त्याच आठवड्यात सात घरांनी त्याला येऊ नको म्हणून निरोप धाडले.

तेव्हा तो वकीलसाहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, हातांला लई खाज सुटायलीय. बोटं चिरायलीत. नखं बी सुटायलीत. खिजाब तेवढा दुसऱ्या कुणाला तरी सांगा. आन् ते दंडावरचं बी बास करा."

"तू हात कशानं धुतोस?"

"पाण्यानं."

"साबण?"

"लावतो की."

"मग साबण असेल. पाणीही असेल. तुझ्या विहिरीला चुना आहे." वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, अदालत भरली. "तीन वर्षं तू साक्ष दिलीस की खिजाबात दोष नाही. दिलीस का नाही? व्हय का न्हाई?"

"व्हय, पण—"

"पण नको. आता उलट बोलतोस. ह्याला आम्ही फितूर साक्षीदार म्हणतो."

मल्लप्पा म्हणाला, "साहेब, साक्ष मी कवाच दिली न्हाई. मला कुणी काय इचारलंच न्हाई. हातालाच इचारायलात तुमी. आन् हात आता बोलायलाय तर तुमी ऐकंनात."

त्याला दवाखान्यात मी नेले. डॉक्टरांनी त्याचे दोन्ही हात उलथेपालथे करून पाहिले आणि माझ्याकडे पाहून विचारले, "किसके बाजू पर लगा के देखते थे?" मी मल्लप्पाच्या कोपराकडे पाहिले, आणि उत्तर त्यांना मिळाले. "चमडा याद रखता है," ते म्हणाले. "बरसों चुप रहता, एक दफा नाराज हुआ तो फिर कभी नईं मानता. इसकू उस डब्बे से दूर रखो, नईं तो हाथ गए समझो."

हा निरोप मी जशाच्या तसा सांगितला. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "शास्त्रीबुवा, प्रतिनिधीला आधार आहे असं तुम्हीच सांगितलंत ना?" मी ताटाकडे पाहिले. ताटात काही नव्हते. जेवणाला अजून अवकाश होता. खिजाबाचा विधी पुढेही मल्लप्पाच्याच हातांनी चालू राहिला.

मातोश्रींनी मात्र त्यांच्यापुरता निवाडा केला. "मल्लप्पा, माझं राहू दे. हात बरा झाला की ये." या वयात, या कुळात, वपन थांबवणे ही केवढी गोष्ट होती हे आजच्या वाचकाला समजावणे कठीण आहे. मला विचारले तर मी नको म्हणालो असतो. म्हणूनच त्यांनी मला विचारले नाही. तीन महिन्यांत त्यांच्या मस्तकावर बोटभर पांढरे केस उगवले. पुराण ऐकताना पदराखाली हात घालून त्या हळूच ते चाचपीत आणि मी वाचता वाचता थांबलो, की लहान मुलीसारख्या हात बाहेर काढीत. पदराबाहेर आलेले ते केस वकीलसाहेबांना दिसले नाहीत. त्या केसांसह एका संध्याकाळी, दिवेलागणीला, माउली गेली.

दिवेलागणीनंतर क्षौर, म्हणजे मुलाचे मुंडण, होत नाही. ते दहाव्या दिवशी करावे, असे मी सांगितले आणि वकीलसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मला ऐकू आला. आठव्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवले. आठ दिवसांत खिजाबाची पाळी चुकली होती आणि केसांच्या मुळाशी पांढरी रेघ उमटली होती.

"क्षौराला काही पर्याय? दान, जप, काही प्रायश्चित्त?"

"आईबापांसाठी नाही."

"मग प्रतिनिधी? आमचा पुतण्या तयार आहे. त्याचे केसही दाट आहेत."

तेव्हा मी तो दुसरा अर्धा भाग सांगितला. द्रव्याला प्रतिनिधी आहे, यजमानाला नाही. ज्याला फळ भोगावयाचे, त्याचेच शरीर लागते.

"हे तुम्ही मागे सांगितलं नाहीत," वकीलसाहेब म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. "तेव्हा मी जेवत होतो."

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी मल्लप्पाला बोलावणे धाडले. मल्लप्पा आला नाही. दोन्ही हातांना करंजाचे तेल लावून चिंध्या बांधलेल्या आहेत आणि वस्तरा धरता येत नाही, असा निरोप आला. गावात न्हाव्यांची आणखी तीन घरे होती. गडी तिन्हीकडे जाऊन आला आणि तिन्हीकडचे उत्तर एकच. "घर मल्लप्पाचं. त्यानं म्हटल्याबगर आमी तिथं वस्तरा काढत न्हाई." हा काही त्यांनी त्या दिवशी रचलेला डाव नव्हता, बापजाद्यांपासून चालत आलेली वहिवाट होती, आणि वहिवाटीवर वकीलसाहेबांनी स्वतः कितीतरी दावे जिंकले होते. दहाव्या दिवशी क्षौर झाले नाही, तर पिंड देता येणार नव्हता. ज्या आईच्या नावाने त्यांनी सहा वर्षे डोके काळे केले, ती आता त्याच डोक्यासाठी ताटकळणार होती.

शेवटी मल्लप्पा आला. अंगणाच्या कडेला उभा राहिला.

"येतो साहेब. उद्या घाटावर येतो. अव्वाचं काम हाय, हात तुटला तरी येतो. पण रीत तुमच्या घरची हाय ती सोडता येत न्हाई."

"कसली रीत?"

"तुमच्या डोस्क्याला माजा हात लागायच्या आदी आठ पहार दंडावर लावून बगायचं. ह्या बारीला दंड तुमचा."

"अरे, पण उद्या खिजाब लावायचा नाही! केस उतरवायचे आहेत!"

"मला ठावं हाय."

"मग कामून?" वकीलसाहेबांच्या तोंडून हा शब्द घरात निघालेला मी प्रथमच ऐकला.

"सा वर्सं मी इचारलं का, कामून म्हणून?"

"ही सक्ती आहे. हिला कायद्यात नाव आहे."

"असंल. नावं तुमालाच ठावी."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी या वेळी आकाशाकडे, ताटाकडे अथवा तुळशीकडे पाहिले नाही; त्यांच्याकडेच पाहिले. त्यांनी बाही वर केली. डब्याच्या तळाशी उरलेली पूड पाण्यात कालवण्यात आली. मल्लप्पाने चिंध्यांच्या हातात कडुनिंबाची काडी धरून कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढा ठिपका लावला आणि अगदी सौम्य स्वरात म्हणाला, "पाणी लावू नका."

तो दिवस मला विसरता येत नाही. सुतकात घोंगडीवर बसलेले वकीलसाहेब, उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवलेला, आणि समोर समाचाराला येणारी मंडळी. येणारा आधी आईचे विचारी, मग हाताचे. पहिल्याला त्यांनी सविस्तर हकिकत सांगितली, दुसऱ्याला थोडक्यात. दुपारनंतर खाज सुटली आणि ते बोलेनासे झाले. मुन्सिफसाहेब येऊन बसले, म्हणाले, "बडी नेक बीबी थीं. और ये हाथ कू क्या हुआ?" वकीलसाहेब दात आवळून, अदालतीत साक्षीला म्हणतात त्या शब्दात म्हणाले, "शहादत चल रही है."

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही ओढ्यावर गेलो. त्यांचा हात कोपरापासून मनगटापर्यंत सुजला होता आणि ठिपक्याच्या जागी पाण्याने भरलेले फोड आले होते. मल्लप्पाने तो वाकून पाहिला. भिंग त्याच्यापाशी नव्हते, गरजही नव्हती. वकीलसाहेबांना दगडावर बसवून त्याने त्यांच्या मस्तकावर पाणी शिंपडले आणि हातांच्या चिंध्या सोडून वस्तरा घेतला.

पुढे काय झाले ते येथेच सांगून टाकतो, कारण एवढ्यानंतर त्याला फारसे महत्त्व उरत नाही. वकीलसाहेबांनी पुन्हा खिजाब लावला नाही. मातोश्रीच गेल्या, आता कुणासाठी लावू, असे ते लोकांना सांगत, आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी येई. मल्लप्पाचे हात वर्षभराने भरून आले. दोन नखे आली नाहीत. गेलेल्या घरांपैकी पाच घरे परत आली. मी त्या सुगीनंतर दुसरीकडे राहावयास गेलो.

परंतु घाटावरचे एवढे राहिले. वस्तऱ्याच्या पहिल्या पट्ट्यासरशी काळे केस ओल्या गवतासारखे खाली आले आणि आतले मस्तक उघडे पडले. ते ठिकठिकाणी लाल होते. कुठे खपली, कुठे ओलसर चट्टा, कानांमागे जुन्या जखमांचे काळे डाग. जे कातडे पक्षकार म्हणून साक्षीला नालायक ठरले होते, ते कित्येक वर्षे केसांखाली ओरडत होते आणि त्याचा मालक ते दाबून ठेवीत होता. मल्लप्पाचा हात थांबला. मीही मंत्र थांबवला. मग त्याने वस्तरा आडवा धरला आणि जखमांच्या कडेकडेने, लेकराचे जावळ काढावे तसा, तो फिरवू लागला. त्याच्या बोटांतून रक्त येत होते. ते वकीलसाहेबांच्या कपाळावरून ओघळले तेव्हा कोणाचे कोणते, हे मलाही ओळखता आले नाही.

वकीलसाहेब खाली मान घालून बसले होते. बऱ्याच वेळाने, मान वर न करता, त्यांनी विचारले, "दुखतं काय रे?"

"कुटं साहेब?"

"हात."

सहा वर्षांत तो हात त्यांनी सत्तर वेळा तरी भिंगातून पाहिला असेल. हे विचारले होते प्रथमच.

"व्हय," मल्लप्पा म्हणाला. मग वस्तरा पाण्यात बुडवून त्याने विचारले, "आन् तुमचं डोस्कं?"

मी वाट पाहत राहिलो. आता मुद्दे येतील, पोटमुद्दे येतील, ऊन, घाम, विहिरीचा चुना, सगळे काही निघेल, असे मला वाटले. ओढ्याचे पाणी काळे केस घेऊन खाली चालले होते. वकीलसाहेबांनी सुजलेला हात छातीशी धरला.

"व्हय," ते म्हणाले. तिसरा शब्द त्यांनी काढला नाही.